स्वित्झर्लंडची छोटी रेल्वे सहल कशी आखावी: सहा दिवस, दोन मुक्काम

ग्रुप टूरच्या पत्रकात स्वित्झर्लंडच्या वाट्याला दोन-तीन दिवस येतात, आणि त्यातला निम्मा वेळ बसच्या खिडकीला डोकं टेकून झोपण्यात जातो. पण या देशात गाडीत बसणं हाच अर्धा कार्यक्रम असतो. रूळ तळ्याच्या काठाकाठाने जातात, घाट चढतात आणि जिथे मोटारीला मनाई आहे अशा गावात नेऊन सोडतात. हे सगळं स्वतः आखणं अवघड नाही. मोह फक्त एकच आवरायचा, रोज नव्या गावी मुक्काम करण्याचा. बॅग जितकी कमी वेळा उचलाल तितकी सहल चांगली होईल. खालचा सगळा बेत या एका हिशोबावर उभा आहे.

आधी तारखा

आपली उन्हाळ्याची सुट्टी आणि आल्प्सचा उन्हाळा यांचा मेळ बसत नाही. आपल्याकडे शाळा एप्रिल-मेमध्ये बंद असतात, तेव्हा तिथे वरच्या पायवाटांवर अजून बर्फ असतो. डोंगरावरच्या कितीतरी गाड्या आणि रोपवे देखभालीसाठी बंद असतात. ब्रिएंझ गावातून रोटहॉर्न शिखरावर जाणारी 1892 सालची वाफेची गाडीही जूनमध्येच बाहेर पडते. खरा हंगाम जूनच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. शाळकरी मुलं बरोबर असतील तर मेचा शेवट किंवा जूनचा पहिला आठवडा ही तडजोड. वरच्या काही वाटा हुकतील, पण बर्फ वितळत असल्याने धबधबे भरात असतील आणि खोल्याही जरा बऱ्या भावात मिळतील. मुलांची अडचण नसेल तर मी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा निवडेन. जूनअखेर मात्र सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, हेही सुख लहान नाही.

व्हिसा शेंगेनचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो. 30,000 युरोंचं संरक्षण देणारा प्रवासी आरोग्य विमा सक्तीचा आहे. उन्हाळ्यासाठी अपॉइंटमेंट लवकर भरतात, म्हणून तारखा ठरल्या की पहिलं काम हेच.

मुक्काम दोनच: लुझर्न आणि लाउटरब्रुनेनची दरी

पहिल्या दोन रात्री लुझर्नला काढा. झुरिक विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे आणि तिथून थेट गाडी साधारण तासाभरात लुझर्नला पोचवते. स्टेशनातून बाहेर पडलात की समोर तळं आणि बोटींचा धक्का. रात्रीच्या विमानाने शिणलेल्या माणसाला याहून सोपं काही नाही.

पुढच्या तीन रात्री इंटरलाकेनच्या वरच्या डोंगरात. इंटरलाकेन हे नावच सांगतं त्याप्रमाणे थून आणि ब्रिएंझ या दोन तळ्यांच्या मधलं गाव. सोयीचं आहे, हिंदी सिनेमावाल्यांचं लाडकं आहे, यश चोप्रांचा पुतळाही तिथे उभा आहे. पण मुक्कामाला मी वेंगेन सुचवेन. 1,274 मीटरवरच्या या गावात पर्यटकाची मोटार येऊच शकत नाही. लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांची गाडी पकडायची आणि तीच खाली आणते. आपल्याला हे नवं नाही, नेरळहून माथेरानला असंच जातो. फक्त इथे घोडे नाहीत आणि लाल मातीही नाही. आई-वडील बरोबर असतील आणि चढउतार नको असेल तर खाली लाउटरब्रुनेन किंवा विल्डर्सविल. ब्रिएंझही छान, शांत आणि तळ्याकाठी, पण तिथून डोंगरात जायला रोज एक गाडी जास्त बदलावी लागते.

पास घ्यायचा की नाही, हे कागदावर ठरवा

इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. पर्याय मुख्यतः दोन. पहिला स्विस ट्रॅव्हल पास. तो सलग 3, 4, 6, 8 किंवा 15 दिवसांचा मिळतो. त्यात गाड्या, बस, तळ्यातल्या बोटी आणि पाचशेहून जास्त संग्रहालयं येतात. दुसरा हाफ फेअर कार्ड: महिनाभर जवळजवळ प्रत्येक तिकीट निम्म्या दरात.

एका कागदावर दोन रकाने करा. रेल्वेच्या एसबीबी या ॲपमध्ये रोजचा प्रत्येक टप्पा टाकून पूर्ण भाडं लिहा. एका रकान्यात सगळ्याची निम्मी बेरीज अधिक कार्डाची किंमत. दुसऱ्यात पासची किंमत अधिक पासबाहेर राहणारे खर्च. हे ‘पासबाहेर राहणारे’ नीट बघा. पास वेंगेन, म्यूरेन आणि ग्रिंडेलवाल्ड या डोंगरातल्या गावांपर्यंत पूर्ण चालतो. तिथून वर युंगफ्राउयोख (थोडक्यात योख) या बर्फातल्या उंच स्टेशनला मात्र फक्त 25 टक्के सवलत देतो, तर हाफ फेअर कार्ड तिथेही निम्मा दर देतं. आणि इंटरलाकेनहून योखचं उन्हाळ्यातलं जाऊन-येऊन भाडं दोनशे फ्रँकच्या पुढे आहे. उलट रिगीचा डोंगर पासात पूर्ण फुकट. म्हणजे योख नक्की असेल आणि बाकी भटकंती कमी असेल तर कार्ड, आणि बोटी-गाड्यांत रोज चढायचं असेल तर पास. सहा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी फॅमिली कार्ड मागून घ्या, आई किंवा वडील बरोबर असले की मुलांना वेगळं तिकीट लागत नाही.

पासचे दिवस तारखेने मोजले जातात, तासांनी नव्हे. संध्याकाळी उतरणार असाल तर त्या दिवसाचं साधं तिकीट काढा आणि पास दुसऱ्या दिवसापासून सुरू करा.

दिवसांची मांडणी

पहिला दिवस लुझर्न, फक्त पायी. लाकडी पूल, काठावरची बाकं, लवकर झोप.

दुसरा दिवस रिगी. सकाळी बोटीने तासाभरात फित्सनाउ. तिथून 1871 साली सुरू झालेली, युरोपातली पहिली दातेरी रुळांची डोंगरगाडी जवळजवळ 1,800 मीटरच्या रिगी कुल्मला नेते. उतरताना काल्टबाडला गाडी सोडा, रोपवेने वेगिसला या आणि तिथून बोटीने परत. त्याच वाटेने परतायचं नाही, हा नियम या देशात जवळजवळ रोज पाळता येतो.

तिसरा दिवस माझ्या मते सहलीचा कळस आहे, आणि तो नुसता ‘प्रवासाचा दिवस’ म्हणून लिहिला जातो. लुझर्न ते इंटरलाकेन, ब्रुनिग घाटातून, दोन तासांपेक्षा थोडं कमी. लुझर्नला गाडीच्या उजव्या बाजूला बसा. आधी सार्नेन तळं येतं. मग गाडी दातेरी रुळांवर चढते, वेग एकदम पडतो आणि खाली लुंगर्नचं हिरवं तळं दिसतं. घाटमाथ्याचं स्टेशन हजार मीटरवर. पलीकडे उतरून माइरिंगेनला गाडी थांबते आणि उलट दिशेने निघते. नवखे इथे गडबडून उठतात, त्यांना वाटतं गाडी परत चालली. तुम्ही बसून राहा. दिशा बदलल्याने तुमची उजवी खिडकी आता डावी झाली आणि ब्रिएंझचं तळं बरोबर त्याच बाजूला येतं. हिमनदीने दगडाचं केलेलं पीठ पाण्यात तरंगतं, म्हणून त्याचा रंग पानावरच्या चुन्यात मोरपीस बुडवल्यासारखा.

खरं तर ब्रिएंझला उतराच. स्टेशनच्या समोरच धक्का आहे आणि पुढचा टप्पा बोटीने, गीसबाख धबधब्यावरून, सव्वा तासाच्या आसपास. बोट इंटरलाकेन ओस्ट स्टेशनच्या पाठीमागेच लागते, त्यामुळे बॅग फार ओढावी लागत नाही.

चौथा आणि पाचवा दिवस हवेवर सोडा. आदल्या रात्री कॅमेरे बघा. शिखरांवरची थेट दृश्यं मोबाइलवर दिसतात. आकाश निरभ्र असेल तर सकाळच्या पहिल्या गाड्यांनी योख, 3,454 मीटर, तिथे पायऱ्या सावकाश चढा. ढग असतील तर योखला जाऊ नका, त्या पैशात पांढरा पडदाच दिसतो. त्याऐवजी वेंगेनहून रोपवेने मेनलिखेन आणि तिथून क्लाइने शायडेगपर्यंत दीड तासाची बहुतेक उताराची पायवाट, समोर आयगर शिखर. दुसरा दिवस म्यूरेनसाठी. तिथून ग्रुच्शाल्पपर्यंतची वाट जवळजवळ सपाट आहे, रुळांच्या सोबतीने जाते. माझ्या आईने सत्तरीत ती चालली, मध्ये विंटरएगला कॉफीसाठी थांबून. दुपारी गडगडाट होतो, म्हणून चालणं सकाळी उरका.

गाडी पकडण्याची रीत

1982 पासून इथे गाड्या ठरलेल्या मिनिटाला, दर तासाला सुटतात. 10.05ची हुकली तर 11.05ची असते, आणि मोठ्या मार्गांवर तर अर्ध्या तासाने. म्हणून साध्या गाड्यांना रिझर्व्हेशन लागत नाही, आणि ॲप पाच मिनिटांचा बदल दाखवत असेल तर घाबरू नका. तो वेळापत्रकातच बसवलेला असतो. मोठ्या काचांच्या नामांकित गाड्यांना आगाऊ जागा आणि जादा पैसे लागतात. त्यातल्या बऱ्याच मार्गांवर साधी गाडीही धावते, आणि जुन्या डब्यांच्या खिडक्या उघडतात. फोटो काढणाऱ्याने साधीच गाडी पकडावी.

एक सापळा मात्र आहे. इंटरलाकेन ओस्टहून डोंगरात जाणारी गाडी एकच सुटते आणि त्स्वाइल्युत्शिनेनला तिचे दोन तुकडे होतात. एक लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. पहिल्या वेळी मी मोकळी जागा दिसली म्हणून मागे जाऊन बसलो. आई आणि बॅगा पुढे. खिडकीतून पुढचे डबे वेगळ्या दरीत वळताना पाहिले तेव्हा कळलं. ग्रिंडेलवाल्डहून परत यायला तास गेला, आईने तोवर शांतपणे लाउटरब्रुनेनच्या फलाटावर चकल्या संपवल्या होत्या. फलाटावरच्या पाटीवर अक्षरांनी भाग दाखवलेले असतात आणि डब्यावर गावाचं नाव असतं. ते वाचूनच चढा.

छोट्या थांब्यांवर गाडी मागणीनुसारच थांबते, तेव्हा डब्यातलं बटण दाबा. तिकीट चढण्याआधीच काढा, आत काढून चालत नाही. पासबरोबर पासपोर्ट दाखवावा लागतो.

खाणं आणि बॅग

हॉटेलात रोज जेवलात तर पासचा सगळा हिशोब कोलमडेल. कूप आणि मिग्रोस या दुकानांतून पाव, चीज, फळं, दही घ्या आणि तळ्याकाठी बसून खा. रविवारी गावातली दुकानं बंद, मोठ्या स्टेशनांतली उघडी. गावातल्या दगडी हौदांच्या तोटीचं पाणी पिण्याचं असतं, ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असेल तिथे मात्र नाही. घरून चटण्या, चकली, पोह्यांचा चिवडा न्या. मांस आणि दुधाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत, तेव्हा तुपाची बरणी आणि पेढे घरीच. बॅग प्रत्येकी एक, एका हाताने जिन्यावर उचलता येईल एवढी.

सहाव्या दिवशी इंटरलाकेनहून झुरिक विमानतळ सव्वादोन तासांच्या आसपास, बहुतेक बर्नला गाडी बदलून. उजवीकडे बसा. थूनचं तळं श्पीत्सपर्यंत आणि पुढे थून गावापर्यंत त्याच खिडकीत राहतं. उरलेली नाणी बर्नच्या फलाटाखालच्या दुकानात चॉकलेटवर संपवा, मुंबईत ती कोणी बदलून देत नाही.