अलिबागच्या पिनकोडचे मूळ अवयव कसे काढावेत?

अलिबागचा पिनकोड ४०२२०१. पत्त्यातला त्याचा अर्थ तूर्त बाजूला ठेवा आणि त्याच्याकडे नुसती संख्या म्हणून पाहा: चार लाख दोन हजार दोनशे एक. कागद, पेन आणि पाढे एवढ्यावर काम भागेल.

१. मर्यादा ठरवा. ६३४ चा वर्ग ४०१९५६, ६३५ चा वर्ग आपल्या संख्येहून मोठा. संख्येचे दोन अवयव पडत असतील तर त्यातला लहान ६३४ च्या आतच सापडणार. त्यापुढे शोधू नका.

२. सोप्या कसोट्या लावा. शेवटचा अंक १, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने निःशेष भाग जातो: उरले ४४६८९. याच्या अंकांची बेरीज ३१, तेव्हा ३ चं काम संपलं. मर्यादाही उतरून २११ वर आली. प्रत्येक भागाकारानंतर ती नव्याने काढा. निम्मे कष्ट इथेच वाचतात.

३. ७, ११, १३ एकदम तपासा. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि वजाबाकी करा: ४०२ − २०१ = २०१. हे चालतं, कारण ७ × ११ × १३ = १००१. आता २०१ ला भागून पाहा. बाकी अनुक्रमे ५, ३ आणि ६. तिघेही बाद. माझ्या मते ही सगळ्यात देखणी कसोटी.

४. आता क्रमाने भागा. ४४६८९ ला १७ ने भागल्यास बाकी १३. १९ ने भागल्यास बाकी १, अगदी थोडक्यात हुकलं! २३ ने मात्र पूर्ण भाग जाऊन १९४३ येतात. मर्यादा आता फक्त ४४. पुन्हा २३ चालत नाही, पण २९ × ६७ बरोबर १९४३.

४०२२०१ = ३² × २३ × २९ × ६७

५. अवयवांवरून गुणधर्म वाचा. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा: ३ × २ × २ × २ = २४. एवढे या संख्येचे विभाजक. शिवाय २३ ला ४ ने भागल्यास बाकी ३ उरते आणि २३ चा घातांक विषम आहे. म्हणून ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिताच येत नाही.

खरं तर एक आडवाट होती. ४०२ ही २०१ ची दुप्पट, म्हणजे संख्या सरळ २०१ × २००१. भागाकाराला हात घालण्याआधी अंकांकडे मिनिटभर बघत बसावं ते यासाठी.

पण दर वेळी असं नशीब साथ देत नाही. रत्नागिरीचा ४१५६१२ घ्या. शेवटी १२ असल्यामुळे ४ ने भाग जातो आणि १०३९०३ उरतात. मर्यादा ३२२, तिच्या आत मूळ संख्या ६६, आणि एकीनेही भाग जात नाही. १०३९०३ स्वतःच मूळ संख्या आहे, त्यामुळे रत्नागिरीला विभाजक अवघे ६. इथे पन्नाशीच्या पुढे कॅल्क्युलेटर घ्यायला हरकत नाही.