आदिवासी पाड्यावर संशोधन करताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त चुकतं ते परवानगीत. सरपंचांच्या लेटरहेडवर सही-शिक्का मिळाला की गाव तयार, असं धरलं जातं. पण गटग्रामपंचायतीत चार-पाच पाडे असतात आणि सरपंच भलत्याच पाड्यावरचे असू शकतात. अनुसूचित आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा आणि राज्याचे नियम २०१४ चे. त्यांनुसार पाडासुद्धा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होऊ शकतो आणि मग त्याची ग्रामसभा वेगळी. तिथेच जा, संध्याकाळी जा, ठरावाची प्रत घ्या. पालघरकडे आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत किंवा गडचिरोलीत तेंदूपत्त्याच्या हंगामात बैठक लावू नका, येणार कोणी नाही. प्रत्येकाची स्वतःची संमती त्यानंतर, वेगळी घ्यायची.

संमतिपत्र मराठीत वाचून दाखवणं ही दुसरी चूक. मेळघाटातली कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, गडचिरोलीतली माडिया द्रविडी; दोन्हींचं मराठीशी नातं नाही. 'हरकत नाही ना?' विचारलं की पाहुण्याचा मान राखायला माणूस मान डोलावतो. ती संमती नव्हे. पाड्यावरच्याच कुणाकडून मजकूर त्यांच्या बोलीत सांगवा, मग विचारा, 'आम्ही काय करायला आलोय, तुम्ही सांगा बघू.' उत्तर जुळलं नाही तर पुन्हा समजावा. दुभाष्याला दिवसाची मजुरी द्या; त्याचं काम बुडालेलं असतं.

रक्त किंवा लाळेचे नमुने घेत असाल तर ते कशासाठी वापरणार आणि उरलेल्याचं काय करणार, हे लेखी द्या. अमेरिकेत हवासुपाई जमातीचं रक्त १९९० पासून घेतलं गेलं. मधुमेहासाठी, एवढंच लोकांना ठाऊक होतं. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया आणि वंशाच्या उगमावरच्या अभ्यासात वापरले गेले. २०१० मध्ये हा अभ्यास करणाऱ्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाला ७ लाख डॉलर द्यावे लागले, नमुनेही परत करावे लागले.

आभारात 'मेळघाटातील आदिवासी बांधव' एवढंच लिहू नका. पाडा, जमात, ग्रामसभा आणि तिला मिळालेला सामूहिक वनहक्क (जंगलावरचा गावाचा एकत्रित हक्क) नोंदवा. सिकलसेलसारख्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) विषयात मात्र पाड्याचं नाव वगळा, त्यावरून तिथल्या मुलामुलींची लग्नं अडू शकतात. वैदूने सांगितलेली औषधी कृती किंवा देवराईचं अचूक ठिकाण विचारल्याशिवाय छापू नका.

प्रबंध जमा करण्याआधी निष्कर्षांची चार पानं ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. लोक चुका दाखवतील. त्या दुरुस्त करायला महिनाभर हाताशी ठेवा.