दोन हाती फ्लाय रॉडचा (मासेमारीच्या काठीचा) जॉइंट सारखा फिरत होता, शेवटी असा थांबला

ट्राउट मासा काय आपल्या गोदावरीत नाही, त्यासाठी हिमाचलात तीर्थन नदीवर जावं लागतं, पण कास्टिंगचा (लाइन म्हणजे दोरी पाण्यावर फेकण्याचा) सराव मी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला करतो. रॉड 11 फुटी, 3 वेटचा (हलक्या लाइनीचा), चार तुकड्यांचा. वीसेक स्पे कास्ट (लाइन पाण्यावरून वळवून पुढे फेकणं) झाले की वरचा तुकडा फिरायचा, लाइन जाते त्या रिंगा एका रेषेत राहायच्या नाहीत, लाइन घासायची आणि एकदा तर टोकच निसटून लाइनीवर घरंगळत गेलं. दोन रविवार वाया, डोकं फिरलं राव. जोर लावून दाबून पाहिलं, दोरा गुंडाळला, काही उपयोग नाही.

कारण साधं आहे, स्पे कास्टमध्ये रॉड वळणावरून फिरतो त्यामुळे जॉइंटला पीळ बसतो.

आता आधी दोन्ही टोकं कोरड्या फडक्याने पुसतो (बारीक वाळू असतेच), मग आत जाणाऱ्या भागावर साधी मेणबत्ती हलकी घासायची, दोन्ही तुकड्यांच्या रिंगा एकमेकींशी काटकोनात ठेवून तुकडा आत सरकवायचा आणि सरकवतानाच फिरवत रेषेत आणायचा. नंतर वायरिंगची काळी टेप, अर्धी जॉइंटच्या खाली अर्धी वर, ताणून तिरकी गुंडाळायची, शेवट दुमडून ठेवायचा म्हणजे संध्याकाळी नखाने निघते. तिन्ही जॉइंटना करा, फक्त वरच्याला नको. टेप रात्रभर ठेवू नका, उन्हात तर नाहीच, चिकटा राहतो.

काल सकाळभर कास्ट केले, एकही रिंग हलली नाही.