गोल्डफिशच्या टाकीत झाडं टिकत नाहीत? या चुका टाळा

रात्री नीट लावलेली झाडं सकाळी पाण्यावर तरंगताना दिसली की बरेच जण ठरवूनच टाकतात, गोल्डफिश आणि जिवंत झाडं एकत्र नांदायची नाहीत. मग प्लास्टिकची झाडं येतात. इतक्यात हार मानू नका. आधी ते तरंगणारं झाड हातात घेऊन बघा. मुळांसकट अख्खं असेल, पानं धड असतील, तर माशाने ते उकरलंय, खाल्लेलं नाही. पानांच्या कडा कुरतडलेल्या असतील किंवा नुसत्या काड्या उरल्या असतील, तर खाल्लंय. आणि पानं पारदर्शक, बुळबुळीत होऊन बोटांना चिकटत असतील, तर झाड कुजलंय, त्यात माशाचा बहुधा काहीच दोष नाही. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

उकरलेलं झाड आणखी खोल पुरणं

गोल्डफिश तळाची रेती तोंडात घेतो, चाळतो, खाण्याजोगं तेवढं ठेवतो आणि बाकीचं थुंकतो. हे दिवसभर चालू असतं, तो त्याचा स्वभावच आहे. त्यामुळे मुळं न धरलेली कॅबोम्बा किंवा व्हॅलिस्नेरिया कितीही खोल पुरली तरी वर येते. ती मातीच्या छोट्या कुंडीत लावा आणि वरून माशाच्या तोंडात मावणार नाहीत असे गोटे रचा. वाटाण्याएवढी खडी मात्र टाळा, ती गोल्डफिशच्या घशात अडकते. तळाला एकतर बारीक रेती हवी, नाहीतर मोठे गोटे.

उकरणाऱ्या माशांच्या टाकीत महागडी ॲक्वासॉइल (झाडांसाठीची खतयुक्त माती) घालणं म्हणजे पाणी गढूळ करून घेणं. रूट टॅबचं, म्हणजे तळात पुरायच्या खताच्या गोळ्यांचंही तेच, मासा ती उकरून काढतो आणि मुळांसाठीचं खत थेट पाण्यात मिसळतं. ऑस्करसारखे सिच्लिड गटातले मासे तर अंडी घालायच्या तयारीत असले की तळात खड्डेच खणतात. तिथे रेतीत झाड लावायच्या भानगडीत पडू नये.

अनुबियास आणि जावा फर्न रेतीत पुरणं

सगळ्यात जास्त झाडं या एका चुकीने मरतात, आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण गोल्डफिशसोबत टिकणारी झाडं मुख्यतः हीच. दोघांचीही पानं जाड आणि चिवट, त्यामुळे मासे सहसा एखादा चावा घेऊन सोडून देतात. दोघांनाही एक आडवं, जाड खोड असतं, त्याला राइझोम म्हणतात. वर पानं, खाली मुळं. हे खोड रेतीखाली गेलं की हळूहळू मऊ पडतं, कुजतं आणि पानं एकेक करून सुटतात. दोष येतो माशावर.

झाड लाकडाला किंवा दगडाला सुती दोऱ्याने बांधा, नाहीतर सायनोॲक्रिलेट जेलचा (सुपरग्लूचा) छोटा ठिपका लावून चिकटवा. काही आठवड्यांत मुळं पृष्ठभाग धरतात आणि मग सहजासहजी हलत नाहीत. वाढ संथ असते, महिन्याला एखाद-दुसरं पान, म्हणून घाई करू नका. वाढ व्हावी म्हणून दिवा बारा-बारा तास चालू ठेवला, तर त्या संथ पानांवर शेवाळच साचतं. सहा ते आठ तास पुरे. जावा फर्नच्या पानामागे ओळीने काळे-तपकिरी ठिपके दिसले तर घाबरून पान कापू नका. ते बीजाणूंचे आहेत, रोगाचे नाहीत. जुन्या पानांच्या टोकाला इवली रोपंही फुटतात, तीही जपा.

भुकेल्या माशासमोर कोवळी पानं ठेवणं

पाला खाणाऱ्या माशाला फक्त कोरडे दाणे घातले तर तो हिरवं शोधणारच. उकडून सोललेला वाटाणा, नीट धुऊन वाफवलेला पालक, काकडीची चकती नियमित द्या. त्याहून सोपं म्हणजे वेगळ्या बादलीत डकवीड ही पाण्यावर तरंगणारी इवली वनस्पती वाढवा आणि मूठभर टाकत राहा. गोल्डफिश त्यावर तुटून पडतात.

ॲमेझॉन स्वॉर्डच्या रुंद पानांवर खरवडल्यासारखे पारदर्शक पट्टे दिसले, तर गोल्डफिशला सोडा आणि टाकीतल्या प्लेकोकडे, म्हणजे खरवडून खाणाऱ्या माशाकडे बघा.

नवं झाड आठवड्यात वितळलं म्हणून फेकणं

नर्सरीत बरीच झाडं पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्यात आल्यावर ती जुनी पानं टाकतात आणि पाण्यात जगणारी नवी काढतात. क्रिप्टोकोरिन तर जागा बदलली तरी पानं गाळतं. मुळं कडक आणि पांढुरकी असतील तर सडकी पानं तेवढी काढा आणि झाडाला हलवू नका.

सिल्व्हर डॉलर पाळणाऱ्यांना मात्र स्पष्ट सांगावं लागेल. हे मासे जवळपास सगळंच फस्त करतात, तिथे टाकीच्या आत झाडं लावण्यात अर्थ नाही. काठावर मनीप्लांट अडकवा, फक्त मुळं पाण्यात आणि पानं पूर्ण बाहेर. पाण्यातलं नायट्रेट तो शोषून घेतो. मुळं कुरतडली जात असतील तर त्यांच्याभोवती जाळीची टोपली बसवा.