भाड्यासाठी जुनं रँच हाऊस घेताय? आधी ड्रेनेजमध्ये कॅमेरा घाला

अमेरिकेत 1950-60च्या दशकातलं बैठं रँच हाऊस भाड्याने द्यायला घेत असाल, तर किचनच्या ग्रॅनाइटचं नंतर बघू. सौदा पक्का व्हायच्या आत प्लंबरकडून सांडपाण्याच्या मुख्य पाइपमध्ये कॅमेरा घालून घ्या. त्या काळातली बरीच घरं थेट काँक्रीटच्या स्लॅबवर बसलेली आणि खालचे पाइप बहुतेकदा बिडाचे. बीड आतून गंजतं, तळाकडून झिजत जातं. वर मात्र टॉयलेट, सिंक सगळं व्यवस्थित चालू. नवी टाइल बसवल्यावर पाइप गेला, तर तीच टाइल आणि खालचा स्लॅब फोडण्याची पाळी येते. कॅमेऱ्यात भेगा किंवा झाडाची मुळं दिसली, तर रेकॉर्डिंग मागून घ्या. भाव पाडायला त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

घर 1965 ते 1973च्या सुमाराचं असेल तर अ‍ॅल्युमिनियम वायरिंगही तपासा. जुन्या 9 इंची चौकोनी टाइल उचकटू नका, त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक असे खनिज तंतू) असू शकतं. 1978च्या आधीच्या रंगात शिसं असू शकतं. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत घासकाम बंद. आणि भिंत पाडून हॉल मोठा करायची हौस स्वतःच्या घरात भागवा, भाडेकरूच्या नव्हे.