कलम, कोय आणि कांद्याचं मूळ : पेशीविभाजन शिकताना

बारावीला पेशीविभाजनाच्या आकृत्या मी इतक्या देखण्या काढायचे की माझं जर्नल वर्गभर फिरायचं. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था, सगळ्या रंगीत पेन्सिलींनी. पुढे बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एवढंच विचारलं, "कांद्याच्या पेशीत 16 गुणसूत्रं असतात. पश्चावस्थेत किती?" मी म्हटलं, "सोळाच." "आणि मध्यावस्थेत क्रोमॅटिड किती?" इथे मी गप्प झाले. तीन वर्षं काढलेल्या आकृत्यांत मी कधी मोजलंच नव्हतं.

आता मुंबईत गुणसूत्रं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मोजणं हेच माझं रोजचं काम आहे. आमच्याकडच्या, म्हणजे वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंतच्या कॉलेजांतल्या मुलामुलींनी हा विषय नव्याने हातात घेतला असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सगळ्यात आधी माडाचे हीर, म्हणजे खराट्याच्या काड्या, घ्या. बोटभर लांबीचे तुकडे करा. दोन सारखे तुकडे शेजारी धरून मधोमध दोऱ्याने बांधा. हे एक गुणसूत्र झालं. दोन हीर म्हणजे दोन क्रोमॅटिड आणि गाठ म्हणजे गुणसूत्रबिंदू. आता नियम एकच: गुणसूत्रं मोजायची ती गाठींवरून, हिरांवरून नाही. मध्यावस्थेत कांद्याच्या पेशीत 16 गाठी आणि 32 हीर. पश्चावस्था सुरू होते तेव्हा गाठच दुभंगते, प्रत्येक हिराला आपली गाठ मिळते, म्हणून पेशीत काही काळ 32 गुणसूत्रं असतात, 16 या टोकाला, 16 त्या टोकाला. परीक्षकांना हेच हवं होतं. ओटीवर बसून अर्ध्या तासात हे हाताने केलंत तर जन्मात विसरणार नाही. आणि हीर जोडीने का येतात? कारण विभाजन सुरू होण्याच्या बरंच आधी, आंतरावस्थेत, डीएनएची नक्कल होऊन गेलेली असते. आकृत्यांच्या नादात मुलं आंतरावस्था सोडून देतात, आणि खरी तयारी तिथेच चाललेली असते.

मग कांदा. अलिबागचा पांढरा असो की बाजारातला लाल, चालतो. बुडाची सुकी मुळं ब्लेडने खरवडा, पण खालची चकती दुखवू नका. पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर असा ठेवा की बूड जेमतेम पाण्याला टेकेल. दोन-चार दिवसांत पांढरी मुळं फुटतात. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत कांदा लगेच सडतो, म्हणून पाणी रोज बदला. मुळं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर झाली की सकाळीच कापा. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड अशा मिश्रणात दिवसभर ठेवा, मग कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सरांच्या देखरेखीखाली, सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये गरम करून ॲसिटोकार्मिन हा लाल रंग द्या.

माझी पहिली चार स्लाइड वाया गेली. पहिल्या दोनांत एकही विभाजन दिसेना, नुसत्या लांबट, विटांसारख्या पेशी. मी अख्खं मूळ घेतलं होतं. विभाजी ऊती, म्हणजे विभागत राहणाऱ्या पेशी, असते ती फक्त टोकाच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये. रंग दिल्यावर तेवढाच भाग गडद लाल होतो, तो ठेवायचा आणि बाकीचं मूळ फेकून द्यायचं. पुढच्या दोनांत मी दाबताना कव्हरस्लिप सरकवली आणि पेशींचा लगदा झाला. टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबायचं, जराही घासायचं नाही. पाचव्या स्लाइडला एका पेशीत दोन टोकांकडे निघालेले गुणसूत्रांचे दोन झुपके दिसले, मधून ओढल्यासारखे, शेपट्या मागे राहिलेल्या. मी डोळा काढायलाच तयार नव्हते. मागे रांग लागली होती.

स्लाइडवर बहुतेक पेशी आंतरावस्थेतच दिसतील. घाबरू नका, तुमचं काही चुकलेलं नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीचं चक्र साधारण 24 तासांचं धरलं तर प्रत्यक्ष विभाजन त्यातल्या तासाभरात उरकतं. कांद्यातही विभाजनाच्या वाट्याला चक्राचा थोडाच वेळ येतो. जी अवस्था जास्त वेळ टिकते, ती स्लाइडवर जास्त पेशींत दिसते. म्हणून नुसती एक सुंदर पेशी शोधू नका, शंभर पेशी मोजा आणि कुठल्या अवस्थेत किती ते लिहा.

सूत्री विभाजन (मायटॉसिस) आणि अर्धगुणसूत्री विभाजन (मिओसिस) यांतला फरक मला पुस्तकाने शिकवला, पण पटवला आजोबांनी. ते आषाढात कोय कलम बांधायचे. रायवळ आंब्याची कोय रुजून तांबूस कोवळी पानं आली की रोप वरून कापायचं, खुंटाला मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. मी लहान असताना पट्टी धरायला बसायचे. ते म्हणायचे, "सालीक साल लागाक व्हयी गो, नायतर काडी मरतली." साल आणि लाकूड यांच्या मधे कॅम्बियम नावाचा पातळ थर असतो, त्याच्या पेशी विभागत राहतात. खुंटाचा थर काडीच्या थराला भिडला तरच जोड सांधतो. आजोबांनी हा शब्द कधी ऐकला नव्हता, पण बोटांना तो थर ठाऊक होता. माडाला असा थरच नसतो, म्हणून माडाचं कलम होत नाही. त्याची उंची वाढते ती शेंड्यातल्या एकाच कोंबातून. गेंड्या भुंग्याने तो कोंब पोखरून मारला की अख्खा माड गेला.

आता कोय आणि काडी यांचा हिशोब बघा. आंब्याच्या पेशीत 40 गुणसूत्रं. काडी वाढते ती सूत्री विभाजनाने, 40ची 40, म्हणून हापूसच्या कलमाला हापूसच लागतो. कोयीची गोष्ट वेगळी. तिच्यातलं रोप अंडपेशीतली 20 आणि परागातली 20 मिळून बनतं, आणि ती 20 अर्धगुणसूत्री विभाजनातून येतात. 40 म्हणजे 20 जोड्या, आणि प्रत्येक जोडीतलं कुठलं गुणसूत्र कुठे जाईल याच्या नुसत्या शक्यता 2चा 20वा घात, म्हणजे 10 लाखांहून जास्त. त्यात गुणसूत्रांचे तुकडेही आपसात बदलतात. म्हणून हापूसची कोय पेरून हापूस मिळेलच असं नाही. पण याच वेगळेपणावर नवी जात काढता येते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेला 'रत्ना' 1981मध्ये प्रसारित झाला, आणि पुढे त्याची रोपं वाढवली ती मात्र कलमांनीच.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी एक वही वेगळी ठेवा. परिकल (केंद्रकाचं) विभाजन म्हणजे कॅरिओकायनेसिस, जीवद्रव्य विभाजन म्हणजे सायटोकायनेसिस, असं समोरासमोर लिहा. मायटॉसिस आणि मिओसिस हे शब्द कानाला सारखे वाटतात आणि पेपरात उलटसुलट होतात. पहिला ग्रीक 'धागा' या शब्दावरून आलाय, वाल्थर फ्लेमिंगने 1882च्या सुमारास रूढ केलेला, आणि दुसऱ्याचा अर्थच 'घट', म्हणजे कमी होणं.

या कामात यायचं असेल तर एवढं जाणून या की हे चिकाटीचं काम आहे. रक्ताच्या पेशी 37 अंशांवर साधारण तीन दिवस वाढवायच्या, शेवटी कोल्चिसिनच्या जातीचं औषध देऊन त्यांना मध्यावस्थेत अडवायचं, पातळ क्षारद्रावणात फुगवायचं आणि थेंब स्लाइडवर सोडायचा. तो थेंब किती हळू वाळतो यावर गुणसूत्रं सुटी पसरतात की गुंता होतो हे ठरतं, आणि वाळणं हवेतल्या ओलाव्यावर. सुरुवातीचे कितीतरी आठवडे मी फक्त थेंब सोडायला शिकले. पावसाळ्यात स्लाइड लवकर वाळेना, कोरड्या दिवसांत फार लवकर वाळे. मग गरम पाण्याचं भांडं शेजारी ठेवायचं की स्लाइड ऊबदार प्लेटवर ठेवायची, हे आम्ही रोज सकाळी हवा बघून ठरवू लागलो. अजूनही तसंच ठरवतो.

आणि मोजणी. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं आहेत हे 1956मध्ये जो हिन त्जिओ आणि अल्बर्ट लेव्हान यांनी दाखवलं. त्याआधी कित्येक वर्षं पुस्तकांत 48 छापलेलं होतं, आणि जाणती माणसं सूक्ष्मदर्शकाखाली 48च मोजत होती. 1959मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत 47 असतात हे कळलं, ते आकडा पक्का झाल्यामुळेच. आमच्याकडे एका अहवालासाठी साधारण 20 पेशी तपासतात. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी सांगते: अपेक्षित आकडा डोक्यात ठेवून मोजू नका. एकदा डावीकडून मोजा, कागदावर लिहा, मग तो कागद पालथा घालून उजवीकडून मोजा.