ट्रॅव्हल ट्रेलरसाठी प्रोपेनचा सिलिंडर केवढा घ्यावा?

भारतात घरोघरी येणारा लाल सिलिंडर आठवा. त्यात १४.२ किलो गॅस असतो आणि चार माणसांचा स्वयंपाक त्यावर महिनाभर तरी निघतो. अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या चालत्या घराच्या, पुढच्या दांड्यावर बसणाऱ्या ३० पाउंडी सिलिंडरमध्ये जवळपास तेवढाच, १३.६ किलो, गॅस मावतो. त्यामुळे नवा ट्रेलर घेणाऱ्या आपल्या मंडळींना वाटतं, एवढा गॅस आठवडाभराच्या सहलीला सहज पुरेल. उन्हाळ्यात पुरतोही. थंडीत मात्र तोच सिलिंडर चार रात्रींत रिकामा होऊ शकतो, कारण ट्रेलरमध्ये खरा गॅस खातो तो फर्नेस, म्हणजे आतली हवा तापवणारी गॅसची भट्टी. शेगडीचा खर्च त्यापुढे किरकोळ.

१. आधी फर्नेसचा आकडा शोधा. फर्नेसवरच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत ताशी किती बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) ते लिहिलेलं असतं. बहुतेक ट्रेलरमध्ये तो आकडा २० ते ३५ हजारांच्या दरम्यान निघतो. एक पाउंड प्रोपेनमधून साधारण २१,५०० बीटीयू उष्णता मिळते, हे दुसरं माप.

२. एका रात्रीचा हिशोब मांडा. समजा फर्नेस ३०,००० बीटीयूचा आहे, रात्र दहा तासांची आणि बाहेर पारा शून्याच्या आसपास. अशा वेळी फर्नेस निम्मा वेळ पेटलेला असतो असं मी धरते. म्हणजे पाच तास, दीड लाख बीटीयू, सात पाउंड गॅस. २० पाउंडी सिलिंडर तीन रात्रीही पुरत नाही, ३० पाउंडी चार रात्री. तुमचा ट्रेलर छोटा असेल, भिंती चांगल्या असतील, तर खर्च याच्या निम्म्यावर येईल. पण पहिल्या सहलीला हिशोब कडकच ठेवावा.

हा हिशोब मी आधी केला नव्हता. ऑक्टोबरअखेर आम्ही ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर मॅथर कॅम्पग्राउंडला उतरलो होतो. जागा सुमारे सात हजार फुटांवर, विजेची जोडणी नाही. चौथ्या पहाटे फर्नेसचा पंखा फिरत होता, पण झरोक्यातून गार हवा येत होती. दोन सिलिंडर असूनही दोन्ही संपले होते. एक तर ते रिकामा देऊन भरलेला घ्यायच्या पद्धतीने आणलेले होते. अशा सिलिंडरमध्ये अनेकदा २० नव्हे, १५ पाउंडच गॅस भरलेला असतो. शिवाय मी दोन्ही व्हॉल्व्ह उघडे ठेवले होते. एक संपला की ऑटो चेंजओव्हर रेग्युलेटर आपोआप दुसऱ्याकडे वळतो, त्यामुळे पहिला संपल्याचं कळलंच नाही. मुलं गोधडीत अंगाचं मुटकुळं करून पडली होती, ते चित्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हापासून दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह मी बंदच ठेवते आणि सिलिंडर वजन करून किंवा गॅलन मोजून देणाऱ्या केंद्रातच भरून घेते.

३. बाकीची उपकरणं वर मिळवा. गॅसवर चालणारा फ्रिज दिवसाला पाउंड-दीड पाउंड घेतो. हल्ली बऱ्याच ट्रेलरमध्ये १२ व्होल्टवर चालणारा फ्रिज असतो, त्याला गॅस लागतच नाही. गीझर आणि स्वयंपाक मिळून दिवसाला एखादा पाउंड धरा. कॅम्पग्राउंडवर वीज मिळणार असेल तर फ्रिज आणि खोली तापवायचा छोटा हीटर विजेवर चालवता येतो आणि गॅसचा खर्च निम्म्याहून खाली येतो.

४. उचलून बघा. सिलिंडरवरचा २०, ३० किंवा ४० हा आकडा आतल्या गॅसच्या वजनाचा असतो. भरलेला २० पाउंडी सुमारे १७ किलोचा भरतो, ३० पाउंडी २५ किलोचा. भारतात जाताना विमानात टाकतो त्या २३ किलोच्या बॅगेपेक्षाही जड! ४० पाउंडी तर ३२ किलोंच्या आसपास जातो. कंबर किंवा गुडघे दुखत असतील तर हा मुद्दा फर्नेसइतकाच महत्त्वाचा. दोन्ही सिलिंडर २० चे काढून ३० चे लावले, तर दांड्यावर सुमारे ३६ पाउंड भार वाढतो. गाडी तेवढा पेलते का, ते आधी तपासा.

५. जागा मोजा. २० आणि ३० पाउंडी सिलिंडरचा घेर जवळपास सारखा, पण ३० पाउंडी सहा-एक इंच उंच असतो. जुनं प्लास्टिकचं झाकण बसत नाही आणि सिलिंडर आवळायची दांडीही लांब घ्यावी लागते.

माझं मत विचाराल तर उन्हाळी सहली आणि वीज असलेल्या जागांसाठी २० चे दोन पुष्कळ झाले. थंडीत विजेविना राहायचं असेल तर ३० चे दोन घ्या. ४० चे मी कुणाला सुचवत नाही.

जुना सिलिंडर विकत घेताना कॉलरवर, म्हणजे व्हॉल्व्हभोवतीच्या धातूच्या कड्यावर, कोरलेली तारीख वाचा. बनवल्यापासून १२ वर्षं उलटली असतील, तर पुन्हा तपासणी करून घेतल्याशिवाय तो भरून मिळत नाही. रस्ताही आधी बघून ठेवा. बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांतून असे सिलिंडर नेता येत नाहीत, शहराला पश्चिमेकडून वळसा घालावा लागतो.

आणि किती गॅस उरलाय ते बघायला आईची रीत इथेही चालते. गॅस चालू असताना सिलिंडरवरून ओलं फडकं फिरवायचं. वरचा रिकामा भाग लगेच सुकतो, गॅस असतो तिथवर ओल टिकून राहते.